मुखवटा उतरवला कुणी?



गेल्या पावसाळ्यात गोदीत काम थंडावलं. पाळी लागेना. तेव्हा मी आणि वस्तीतला एक दोस्त मिळेल ते वजन उचलत होतो. एकदा दक्षिण मुंबईतल्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर सागवानी कपाट चढवलं. लिफ्ट राहणाऱ्यांची, जिना आमचा. धापा टाकत वर पोचलो तर समोरच्या भिंतीवर एक तोंड. लाकडाचं, लांबुळकं, काळपट. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन चिरा. वर दिवा सोडलेला. मी बघत राहिलो तशी बाई म्हणाल्या, "आफ्रिकन आहे. हात नका लावू हं."

नाही लावला. हात लावू नका हे ऐकायची आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय. पण जिना उतरताना एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. ह्याचं धड कुठाय?

मग शोधाशोध केली. मी मॅट्रिक पास माणूस. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. पण वाचत गेलो तसं कळलं की प्रश्न बरोबर होता. तिथं मुखवटा म्हणजे नुसतं लाकूड कधीच नव्हतं. लाकडाखाली राफियाच्या, म्हणजे ताडाच्या जातीतल्या झाडाच्या तंतूंचा झगा. कापड, कातडं, कवड्या, पायात खुळखुळे. ढोल, गाणं, रात्र, आणि भोवती गोळा झालेला सगळा गाव. हे सगळं मिळून मुखवटा. साहेबानं मुंडकं तेवढं कापून नेलं, कारण मुंडकं पेटीत बसतं.

आणि आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे, हेही आधी सांगून टाकतो. आपल्यातलेच काही कवी 'आफ्रिकेचा ढोल' असं लिहितात आणि मोकळे होतात. चोपन्न देश आहेत बाबांनो. मसाई लोकांत लाकडी मुखवट्यांची परंपराच नाही. जिथं आहे तिथं दर दोनशे मैलांवर तिचा अर्थ वेगळा.

एक गोष्ट सांगतो. गॅबॉन नावाचा देश आहे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला. तिथं फांग नावाचे लोक. त्यांच्यात 'न्गिल' नावाची मंडळी होती. न्गिल म्हणजे चालतंफिरतं न्यायासन. लांबच लांब चेहरा, त्यावर पांढरी माती फासलेली. पांढरा रंग मेलेल्यांचा. रात्री मशाली घेऊन ही मंडळी गावात शिरायची. ज्याच्यावर चेटकाचा, खुनाचा संशय, त्याचा निवाडा व्हायचा. कोर्ट, पोलीस, शिक्षा, सगळं त्या एका लाकडाच्या मागं उभं. फ्रेंचांनी राज्य बसवलं आणि न्गिलवर बंदी आणली. उघड आहे. एका मुलखात दोन कोर्टं कशी चालतील?

असा एक न्गिल मुखवटा १९१७ च्या सुमारास एका फ्रेंच गव्हर्नरच्या सामानातून फ्रान्सला गेला आणि माळ्यावर पडला. त्याच्या वंशातल्या म्हाताऱ्या जोडप्यानं २०२१ मध्ये घर झाडायला काढलं आणि मुखवटा जुन्या बाजारवाल्याला १५० युरोला देऊन टाकला. मार्च २०२२ मध्ये माँपेलिए शहरात त्याचा लिलाव झाला. बोली किती? ४२ लाख युरो! लिलावाच्या हॉलात गॅबॉनचे लोक उभे राहून ओरडत होते की ही चोरी आहे. हातोडा पडायचा तो पडलाच. मग म्हातारा-म्हातारी कोर्टात गेली, आम्हाला फसवलं म्हणून. गॅबॉनचं सरकारही गेलं, माल आमचा म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये आलेस गावच्या कोर्टानं दोघांचंही म्हणणं फेटाळलं. माल बाजारवाल्याचा!

बघा, काय मजा आहे. जो मुखवटा स्वतःच न्यायाधीश होता त्याच्यावर खटला चालला, तोही त्याला कापून नेणाऱ्यांच्या कोर्टात. आणि भांडण कशावर? पैसे कुणाचे, एवढ्यावर. तो कुणाचा निवाडा करायचा, का करायचा, त्याचं काम कुणी बंद पाडलं, हे फ्रेंच कायद्याच्या कुठल्याच कलमात बसत नाही.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या कवितेत 'मुखवटा' हा शब्द किती वेळा येतो मोजा. मीच माझ्या वहीत मोजला. सात कवितांत नऊ वेळा. प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच. ढोंग. मुखवटे फाडा, मुखवटे जाळा, मुखवट्यामागचा चेहरा बघा. पुढाऱ्याचा मुखवटा, भटाचा मुखवटा, मार्क्सवाद्याचा मुखवटा. फ्रान्झ फॅनन ह्या आपल्या माणसानं १९५२ मध्ये पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'काळी कातडी, गोरे मुखवटे'. तिथंही मुखवटा म्हणजे लादलेलं खोटं. फॅननचं खरंच आहे. पण तो गोऱ्यांच्या मुखवट्याबद्दल बोलत होता. काळ्यांच्या मुखवट्याचं काम बरोबर उलटं आहे. उघड्या तोंडानं जे बोलता येत नाही ते बोलायला मुखवटा चढवतात.

ह्याला पुरावा हवा तर मलावीकडं चला. मलावीचं नाव तुम्हाला नवं वाटेल, पण तुमच्या ताटाला ते नवं नाही. मलावी आणि मोझांबिक ह्या दोन देशांतून आपल्याकडं तूर येते. सरकारनं मोझांबिकशी २०१६ मध्ये वर्षाला दोन लाख टनांपर्यंतचा करार केला, मलावीशी २०२१ मध्ये पन्नास हजार टनांचा. मी स्वतः ह्या तुरीचे कंटेनर खाली केलेत. कंटेनरचं दार उघडलं की आतली गरम हवा तोंडावर येते, मातीचा आणि गोणपाटाचा वास. एक एक पोतं पाठीवर. खांद्याची सालटं निघतात. ती तूर पिकवणाऱ्यांत चेवा नावाचे लोक आहेत. त्यांच्यात 'गुले वामकुलु' आहे. म्हणजे मोठा नाच.

हा नाच करतात 'न्याउ' नावाच्या गुप्त मंडळाचे पुरुष. मुखवटा चढवला की तो माणूस राहिला नाही. त्याला नावानं हाक मारायची नाही. तो स्मशानातून आलेला आत्मा, नाहीतर रानातून आलेलं जनावर. जुलैत कापणी झाली की नाच, लग्नात नाच, मयतीला नाच, मुखिया गादीवर बसला की नाच. आता कुणाकुणाचे मुखवटे आहेत बघा. जनावरं आहेत, पूर्वज आहेत. पण गुलामांचा व्यापार करणारा व्यापारीही आहे. लाल तोंडाचा गोरा साहेब आहे, त्याचं नाव सिमोनी. मिशनऱ्यांनी आणलेली मेरी आहे. आणि अलीकडं होंडा मोटारसायकल न् हेलिकॉप्टरसुद्धा! जे जे गावावर येऊन आदळलं, ते ते लाकडात न् गवतात बांधून त्यांनी गावासमोर नाचवलं. साहेब दिवसा घोड्यावरून फटके मारत फिरतो, आणि रात्री तोच साहेब लाल तोंड घेऊन ढोलावर कंबर हलवतो. बाया हसतात, पोरं दगड मारतात. मिशनऱ्यांनी हा नाच बंद पाडायला जंग जंग पछाडलं. बंद पडला नाही. रविवारी चर्चमध्ये गेलेला माणूसच रात्री न्याउमध्ये सापडायचा.

ह्याला मी साहित्य म्हणतो. आपण छापील कागदावर शिव्या देतो त्याच्या कितीतरी आधी ह्या लोकांनी लाकडात विद्रोही कविता केली, आणि तिचा वाचक अख्खा गाव होता. आपल्या अंकाच्या तीनशे प्रती खपत नाहीत.

पण थांबा. मी इथं आरती ओवाळायला बसलो नाही.

न्याउ पुरुषांचं. चेवा समाजात वंश आईकडून चालतो. नवरा बायकोच्या गावात राहायला जातो आणि तिथं त्याचं फारसं चालत नाही. म्हणून ह्या पुरुषांनी आपली एकी करायला हे मंडळ धरून ठेवलं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या मुखवट्यानं साहेबाची टिंगल केली तोच मुखवटा घरच्या बाईला गुपिताबाहेर ठेवतो. मालीतल्या डोगोन लोकांत तर अशी कथाच आहे की मुखवट्याचा तांबडा झगा आधी एका बाईच्या हाती लागला होता, पुरुषांनी तो तिच्याकडून काढून घेतला. कथा सांगणारे पुरुषच! चोरीची कबुली धर्मात घालून ठेवली की ती चोरी राहत नाही. हे आपल्याला नवीन आहे का?

सगळीकडं असं नाही. सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांत 'सांदे' हे बायकांचं मंडळ. त्यांचा 'सोवेई' मुखवटा बाई स्वतः डोक्यावर चढवते. काळा कुळकुळीत, तेलानं चमकणारा. मोठं कपाळ, छोटंसं तोंड, मानेला वळ्या, डोक्यावर केसांची नक्षी. काळा रंग हाच तिथं सौंदर्याचा रंग. फेअरनेस क्रीम लावून फोटो काढणाऱ्या आपल्या पोरींनी हा मुखवटा जरूर बघावा, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणाऱ्या आपल्या पोरांनी आधी बघावा. पण लाकूड कोरणारा पुरुषच. आणि ह्याच सांदेत पोरींना बाई बनवण्याच्या नावाखाली त्यांच्या अंगाला कापलं जातं. सिएरा लिओनच्या बायकाच आज त्याविरुद्ध उभ्या आहेत. मी त्यांच्या बाजूनं. मुखवटा कितीही देखणा असो.

नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबांचा 'गेलेडे' मला ह्या सगळ्यात जास्त पटतो. तो आयांसाठी. म्हाताऱ्या बायकांच्या अंगी जगवायची आणि मारायची ताकद असते, तिला मान द्यायचा, तिचा राग शांत करायचा, म्हणून पुरुष बाईचं रूप घेऊन नाचतात. कापणीनंतर, नाहीतर दुष्काळात, रोगराईत. गाण्यांत गावातल्या चुकारांची यथेच्छ निंदा. आणि मंडळाच्या कारभारात बायाही असतात. युनेस्कोनं २००१ मध्ये त्याला मोठा किताब दिला. किताब मिळाला की पाठोपाठ पर्यटक येतात, हे वेगळं सांगायला नको.

आता जी गोष्ट सांगतो ती वाचून मी दोन दिवस गप्प होतो. मालीमधल्या बंबारा लोकांत मुखवटे कोरतो कोण? लोहार. त्यांना 'नुमु' म्हणतात. नुमूच्या बायका मडकी घडवतात. नुमूची पोरगी नुमूतच द्यायची. गाणारे जेली वेगळे, कातडं कमावणारे गारांके वेगळे, आणि ह्या सगळ्यांशी शेतकरी कुळातले लोक लग्न करत नाहीत. वाचलं आणि पुस्तक मिटलं. सालं तिथंसुद्धा!

मग पुन्हा उघडलं. दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही. तिथं लोहाराला विटाळ नाही. त्याला पाणवठा बंद नाही. उलट कोमो नावाच्या बलाढ्य मंडळाचा म्होरक्या लोहारच असतो. त्याच्या हातात आगीची आणि लोखंडाची शक्ती आहे म्हणून लोक त्याला भितात, मानतात. आपल्या चांभाराला कधी कुणी भ्यालंय? तरी पण जन्मानं धंदा आणि धंद्यात लग्न, हे कुलूप तेच. आफ्रिकेतला माणूस काळा म्हणून आपला भाऊ, इतकं सोपं गणित मांडणाऱ्यांना मी हे सांगतो. भावाच्या घरातही कोपरे असतात. भाऊ म्हणायचं तर तेही बघावं लागेल.

आणि न्गिलचं कोर्ट मी वर कौतुकानं सांगितलं खरं, पण चेटूक केलं म्हणून रात्री उचललेल्या सगळ्यांनी खरंच काही केलं असेल काय? आपल्याकडं चेटकीण ठरवून बाई मारतात. २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला तो काय उगाच नाही.

मग माझी बाजू कोणती? आपल्या बैठकीत ह्यावरून भांडण झालं. एक दोस्त म्हणाला, "ही सगळी अंधश्रद्धा. आपण देव नदीत टाकले आणि तू लोकांचे भुताखेतांचे मुखवटे डोक्यावर घेतोस?" दुसरा म्हणाला, "परंपरा गोऱ्यांनी मोडल्या, त्या परत उभ्या करायलाच पाहिजेत." दोघंही तावातावानं बोलत होते. मी गप्प बसलो, कारण मला माझा पणजा आठवत होता.

पणजा पोतराज होता. मी त्याला बघितलं नाही, आजीनं सांगितलेलं. कमरेला चिंध्यांचं आभरान, कपाळाला मळवट, वाढवलेले केस, हातात कोरडा. मरीआईच्या नावानं स्वतःच्या अंगावर फटके मारायचे आणि गावापुढं हात पसरायचा. १९५६ नंतर त्यानं केस कापले. कोरडा विहिरीत टाकला. गावच्या पाटलानं विचारलं, "आता मरीआय कोपली म्हंजे?" तर म्हणाला, "कोपू दे. लय दिस मीच मार खाल्ला."

आज शहरात लोककलेचे महोत्सव होतात. स्टेजवर पोतराज येतो. रेशमी आभरान, माईक लावलेला कोरडा. खुर्च्यांतले लोक टाळ्या वाजवतात आणि चहाच्या वेळी म्हणतात, ही कला मरत चाललीय हो. माझ्या पणज्यानं ती स्वतःच्या हातानं मारली. तो त्याचा हक्क होता. ती कला नव्हती, ती नेमणूक होती.

म्हणून मी कुठल्याही मुखवट्यापुढं उभा राहिलो की पहिल्यांदा हे विचारतो. उतरवला कुणी? घालणाऱ्यानं आपल्या अकलेनं उतरवला असेल तर त्याला पुन्हा चढवायला लावणारा पर्यटक, सरकार, संशोधक, कुणीही असो, तो त्याच्या अंगावर जुनी नेमणूक लादतो. पण बंदुकीनं उतरवला असेल तर ती दरोडेखोरी. मग त्या मुखवट्यात श्रद्धा होती की अंधश्रद्धा, हे ठरवायचा अधिकार दरोडेखोराला नाही. आपल्या बाईवरचा जुलूम मोडायचा की नाही, लोहाराची पोरगी कुणाला द्यायची, हे तिथली पोरंपोरी भांडून ठरवतील. त्यासाठी आधी वस्तू त्यांच्या घरात पाहिजे. गहाण टाकलेल्या घराची भिंत पाडता येत नाही.

दरोडे कसे पडले तेही ऐका. १९३१ ते १९३३ ह्या काळात फ्रेंच विद्वानांची एक टोळी डकार ते जिबुती अशी आफ्रिका आडवी तुडवत गेली. म्होरक्या मार्सेल ग्रिओल, ज्यानं पुढं डोगोनांच्या मुखवट्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. बरोबर लिहिणारा मिशेल लेरिस. त्यानं रोज डायरी लिहिली आणि १९३४ मध्ये छापली. सप्टेंबर १९३१ मध्ये आज मालीत असलेल्या एका गावात ह्यांनी 'कोनो' मंडळाची पवित्र वस्तू उचलली. पोलिसांची भीती घातली, गावच्या हातावर १० फ्रँक टेकवले, वस्तू ताडपत्रीत गुंडाळली, गाडी चालू. पुढच्या गावातही वस्तू उचलली. लेरिसनं हे सगळं लिहून ठेवलं, लाज वाटली तेही लिहिलं. पण वस्तू परत ठेवली नाही. साडेतीन हजारांवर वस्तू पॅरिसला गेल्या. ते झालं संशोधन! गोदीत आमच्या पोरानं फाटक्या पोत्यातली मूठभर तूर खिशात घातली तर त्याला चोर म्हणून गेटवर उभा करतात.

त्याआधी पॅरिसच्याच त्रोकादेरो संग्रहालयात १९०७ मध्ये पिकासो जाऊन आला आणि त्यानं काढलेल्या बायकांच्या तोंडांवर हे मुखवटे उमटले. तिथून म्हणे मॉडर्न आर्ट सुरू झाली. पिकासोचं नाव पोराटोरांना ठाऊक. ज्या कोरणाऱ्याचं बघून शिकला त्याचं नाव? संग्रहालयाच्या पाटीवर फक्त जमात लिहिलेली असते. आपल्यालाही गावात नाव नव्हतं, जातच होती.

आणि बेनिन. हे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी ते जाळलं, राजाला हद्दपार केलं, हजारो पितळी आणि हस्तिदंती वस्तू लुटल्या आणि बऱ्याचशा मोहिमेचा खर्च काढायला विकल्या. त्यात राजमाता इदिया हिचे हस्तिदंती मुखवटे. सोळाव्या शतकातले, वीतभर उंच. तोंडावर चढवायचे नव्हेत, राजा कमरेला बांधायचा असं मानतात. एक ब्रिटिश म्युझियममध्ये, एक न्यूयॉर्कला. १९७७ मध्ये नायजेरियानं लागोसला जगभरच्या काळ्यांचा महोत्सव भरवला, 'फेस्टॅक'. त्याची निशाणी म्हणून इदियाचाच चेहरा घेतला आणि लंडनकडं मूळ मुखवटा मागितला. परत नव्हे, उसना! तोही मिळाला नाही. नाजूक आहे म्हणाले. लुटून बोटीत घालताना नाजूक नव्हता. शेवटी बेनिनच्या कारागिरांनी नवा कोरला.

अलीकडं थोडं थोडं परत येतंय. २०१८ मध्ये फ्रान्सच्या सरकारनंच नेमलेल्या अहवालात आलं की एकट्या के ब्रान्ली संग्रहालयात सहाराच्या दक्षिणेकडच्या सत्तर हजार वस्तू आहेत. २०२१ मध्ये त्यांतल्या सव्वीस बेनिन देशाला परत दिल्या. सत्तर हजारांत सव्वीस! जर्मनीनं २०२२ मध्ये हजारावर वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावे केली. लंडनमधली इदिया अजून तिथंच. २०२० मध्ये एक काँगोली कार्यकर्ता, म्वाझुलू दियाबांझा, सरळ के ब्रान्लीत शिरला आणि मयतीचा एक कोरीव खांब उपटून खांद्यावर घेऊन निघाला. दाराशी पकडला. कोर्टानं १००० युरो दंड केला. माझ्या ओळखीच्या हमालांत हा माणूस फार आवडला. वजन कसं उचलायचं ते त्याला कळलं होतं.

परवा पुन्हा तुरीचा कंटेनर लागला. जेवणाच्या सुट्टीत मी पोत्यांवर बसून न्याउच्या मुखवट्यांची गोष्ट पोरांना सांगितली. लाल तोंडाचा साहेब, होंडा, हेलिकॉप्टर. पोरं खिदळली. एक जण म्हणाला, "मंग आपल्या मुकादमाचा करू की. तोंड रिकाम्या डब्याचं, पोट पोत्याचं." दुसऱ्यानं लगेच डबा शोधला. तिसरा म्हणाला, "आतमध्ये जाणार कोण?" कुणीच बोलेना. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात भोंगा झाला. डबा अजून माझ्या ट्रंकेत आहे.